मोर्चा की मिरवणूक?

२६ जून १९७५ रोजी बेंगळुरूत ज्या विरोधी खासदारांना अटक झाली, त्यांत अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र यांच्याबरोबर राजापूरचे मधु दंडवतेही होते. पक्षांतरविषयक विधेयकावरील संसदीय समितीच्या बैठकीसाठी ही मंडळी त्या शहरात गेली होती आणि बैठकीऐवजी मध्यवर्ती कारागृहात पोहोचली. तो तुरुंग पुढे बंद झाला. नोव्हेंबर २००८ मध्ये त्या जागेवर 'फ्रीडम पार्क' उभे राहिले. दिल्लीत जे स्थान जंतरमंतरला, तेच कर्नाटकाच्या राजधानीत या उद्यानाला मिळाले. मागण्यांचे फलक घेऊन येणाऱ्यांनी कोठे बसायचे, याचे सरकारी उत्तर म्हणजे हे उद्यान.

त्याच २००८ सालच्या २९ जूनला, बसवनगुडीतील नॅशनल कॉलेजपासून टाउन हॉलपर्यंत काहीशे माणसे चालत गेली. त्यांतील अनेकांच्या चेहऱ्यांवर मुखवटे होते. समलिंगी स्त्री-पुरुष, हिजडे, कोती, लैंगिक कामगार स्त्रिया आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेले मित्र, वकील, कार्यकर्ते यांचा बेंगळुरूतील तो पहिला 'प्राइड' मोर्चा. त्याच दिवशी दिल्ली आणि कोलकात्यातही असे मोर्चे निघाले. तारीख न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल इन येथे २८ जून १९६९ च्या पहाटे पोलिसांच्या धाडीविरुद्ध झालेल्या उठावाच्या आठवणीने निवडलेली होती. कोलकात्याने मात्र त्याच्याही नऊ वर्षे आधी, २ जुलै १९९९ रोजी, जेमतेम पंधरा जणांच्या पदयात्रेने देशातील पहिला मान मिळवला होता.

या सोहळ्याला काय म्हणावे, यावर मराठीत एक सोयीची अडचण आहे. 'मोर्चा' म्हटले की मागणी आली, पोलिसांचा बंदोबस्त आला, शेवटी निवेदन आले. 'मिरवणूक' म्हटले की ताशे आले, गुलाल आला, घरच्यांनी गॅलरीतून पाहणे आले. बेंगळुरूत नोव्हेंबरच्या सुमारास निघणाऱ्या 'नम्म प्राइड'ने आपल्या नावातच दोन्ही गोष्टी ठेवल्या. मोर्चाच्या आधीच्या कार्यक्रमांच्या मालिकेला 'क्विअर हब्ब' म्हणतात. कन्नडमध्ये 'हब्ब' म्हणजे सण. पण तो भरवणारी संघटना ही लैंगिक कामगार आणि लैंगिक अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी स्थापन झालेली आघाडी आहे. हा सण आहे की आंदोलन, हा वाद त्यामुळे तेथे दरवर्षी नव्याने उभा राहतो. वरवर तो पोशाखाचा, घोषणांचा, ढोलांचा वाद वाटतो. प्रत्यक्षात त्यातून ठरते ते असे, की या रस्त्यावर कोणाच्या तक्रारीला जागा असेल आणि कोणाच्या नाही.

बेंगळुरूच्या मोर्चाची खरी जन्मकथा नाचगाण्यांत सापडत नाही; ती पोलीस ठाण्यांत सापडते. 'गुड अ‍ॅज यू' हा समलिंगी पुरुषांचा गट तेथे १९९४ पासून भेटत असे. पण रस्त्यावरच्या राजकारणाची सुरुवात १९९९ मध्ये स्थापन झालेल्या 'संगम'पासून झाली, असे मानण्यास आधार आहे. इंग्रजी न येणाऱ्या, घर सोडून आलेल्या, लैंगिक काम किंवा मंगती करून जगणाऱ्या हिजडे-कोतींपर्यंत ही संस्था पोहोचली. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या कर्नाटक शाखेने २००१ आणि २००३ मध्ये दोन अहवाल प्रसिद्ध केले. पहिला लैंगिक अल्पसंख्याकांवरील मानवी हक्कभंगांविषयी होता, दुसरा खास हिजडे आणि कोती लैंगिक कामगारांविषयी. कब्बन पार्कमध्ये भेटणाऱ्या पुरुषांकडून पैसे उकळणे, 'हमाम' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हिजड्यांच्या वस्तीगृहांवर धाडी, ठाण्यातील मारहाण यांची नोंद त्यांत झाली. जयप्रकाश नारायणांनी आणीबाणीत स्थापन केलेल्या संघटनेने हे काम हाती घ्यावे, यात योगायोग थोडा आणि सातत्य अधिक आहे. नागरी स्वातंत्र्याची ती चळवळ ज्या तुरुंगांत घडली, त्यांतील एकाचे पुढे फ्रीडम पार्क झाले.

जून २००४ मध्ये बेंगळुरूत एका हिजड्यावर गुंडांनी सामूहिक बलात्कार केला. तक्रार नोंदवून घेण्याऐवजी बैयप्पनहळ्ळी पोलीस ठाण्यात तिचा पुन्हा छळ झाला. या प्रकरणाचा उल्लेख पुढे २ जुलै २००९ च्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या नाझ फाउंडेशन निकालात आला. भारतीय दंडविधानाच्या ३७७ व्या कलमातून प्रौढांचे परस्परसंमतीचे खासगी संबंध वगळणारा हा निकाल न्या. एस. मुरलीधर आणि मुख्य न्यायाधीश अजित प्रकाश शहा यांच्या खंडपीठाने दिला. न्या. शहा मूळचे सोलापूरचे. निकालपत्रात तत्त्वचर्चा भरपूर आहे, घटनासमितीतील भाषणे आहेत. पण ३७७ हे केवळ पुस्तकातले कलम असून त्याने कोणाचे काही बिघडत नाही, हा सरकारपक्षाचा युक्तिवाद अशा ठाण्यातील घटनांसमोर टिकला नाही. या घटना न्यायालयापर्यंत पोहोचल्या त्या कोणीतरी त्या रात्री ठाण्यासमोर उभे राहिले म्हणून. वकिलीची फाइल तेथून सुरू होते.

पहिल्या मोर्चाला चार महिनेही झाले नव्हते. ऑक्टोबर २००८ मध्ये बेंगळुरू पोलिसांनी रस्त्यावर पैसे मागणाऱ्या पाच हिजड्यांना पकडले. चौकशीसाठी गेलेल्या 'संगम'च्या कार्यकर्त्यांनाही अटक झाली, मारहाण झाली. त्याच्या निषेधार्थ ठाण्यासमोर माणसे जमली, तेव्हा त्यांतील ३१ जणांना ताब्यात घेण्यात आले. हिजड्यांना घरे भाड्याने देऊ नयेत, असा दबाव घरमालकांवर आल्याचीही तक्रार होती. जूनमध्ये ज्या शहराने मोर्चा शांतपणे जाऊ दिला, त्याच शहराने ऑक्टोबरमध्ये हे केले. वर्षातून एक दिवस रस्ता मोकळा ठेवणे राज्ययंत्रणेला फारसे जड जात नाही. उरलेल्या ३६४ दिवसांचा प्रश्न निघाला की तिचा चेहरा बदलतो. बेंगळुरूच्या मोर्चाला राजकीय धार का राहिली, याचे उत्तर त्या ऑक्टोबरात शोधावे लागेल.

२०११ मध्ये तर कर्नाटक पोलीस कायद्यात ३६ अ हे नवे कलम घालण्यात आले. मुले पळवणे, त्यांचे खच्चीकरण करणे किंवा अनैसर्गिक गुन्हे करणे असा संशय असलेल्या हिजड्यांची नावे-पत्ते नोंदवून ठेवण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांना त्याने दिला. महाराष्ट्रातील फासेपारधी किंवा अन्य विमुक्त जमातींच्या इतिहासाशी परिचित असलेल्या कोणत्याही मराठी अधिकाऱ्याला ही भाषा ओळखीची वाटेल. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात हिजड्यांसाठी अशाच नोंदवहीची तरतूद होती. स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये जो कायदा गेला, त्याचे एक पान एकविसाव्या शतकातील एका राज्याने पुन्हा उघडले. कर्नाटकातील लैंगिक अल्पसंख्याकांच्या संघटना या कलमाविरुद्ध उच्च न्यायालयात गेल्या, आणि २०१६ मध्ये राज्य सरकारने त्यातील 'हिजडे' हा शब्द काढून टाकला. २०१७ मध्ये राज्याने तृतीयपंथीयांसाठी धोरणही मंजूर केले.

येथे बेंगळुरूच्या आघाडीची घडण ध्यानात घ्यावी लागते. दिल्लीच्या मोर्चाची परंपराही कंपन्यांचे प्रायोजकत्व नाकारण्याची आहे. बाराखंबा रस्त्यावरून जंतरमंतरकडे जाणारा तो लोंढा राजधानीतील मराठी वाचकांनी नोव्हेंबरच्या एखाद्या रविवारी पाहिलेला असेल. बेंगळुरूत त्याला कामगार, दलित आणि लैंगिक कामगारांच्या चळवळींची जोड मिळाली. उत्तर कर्नाटकातून आलेले जोगप्पाही त्या जगाचा भाग आहेत. सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेले हे पुरुषदेही स्त्रीवेशधारी भक्त कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या वाचकाला 'जोगता' म्हणून ठाऊक असतात. राजन गवस यांच्या 'भंडारभोग'ने आणि २००९ च्या 'जोगवा' चित्रपटाने त्यांचे जग मराठीत आणले. याच परंपरेतील मंजम्मा जोगती कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि त्यांना पद्मश्री मिळाली. दुसरीकडे याच शहरात माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांतील हजारो तरुण आहेत, त्यांत पुण्या-नागपूरहून गेलेली मराठी मुलेही आहेत. घरी सांगता येत नाही ते परक्या शहरात जगता येते, हा स्थलांतराचा एक न बोलला जाणारा लाभ आहे. त्यांच्यासाठी त्या दिवशी रस्त्यावर नाचणे हीच आयुष्यातील सर्वांत मोठी बंडखोरी असते. ज्याला मुखवटा काढायला दहा वर्षे लागली, त्याच्या नाचाला केवळ करमणूक म्हणणे अन्यायाचे होईल.

म्हणून सण आणि आंदोलन यांची फारकत करणाऱ्यांना मराठी माणसाने तरी सहज होकार देऊ नये. १८९३ च्या सुमारास पुण्यात सार्वजनिक झालेल्या गणेशोत्सवाला टिळकांनी राजकीय धार दिली, तेव्हा मेळ्यांतली पदे ऐकून ब्रिटिश सरकारला नेमका हाच प्रश्न पडला होता की हा धर्म की राजद्रोह? उत्सवाच्या आडोशाला माणसे निर्भयपणे जमतात आणि जमली की बोलतात. पण त्याच गणेशोत्सवाचे पुढे काय झाले, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. मंडप मोठे झाले, जाहिरातींच्या कमानी आल्या, आणि मेळे केव्हा गेले हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. प्राइडच्या बाबतीत ही भीती २०१८ नंतर अधिक खरी ठरू लागली.

त्या टप्प्याकडे वळण्यापूर्वी संसदेचा हिशेब मांडायला हवा, कारण रस्त्यावरील दबावाची गरज किती आहे हे तेथेच दिसते. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाझ निकाल रद्द केला. ३७७ खाली दीडशे वर्षांत दोनशेहून कमी खटले झाले आणि प्रश्न लोकसंख्येच्या अत्यल्प भागाचा आहे, असे कारण दिले आणि बदल करायचा तर संसदेने करावा असे सुचवले. वास्तविक त्याच खटल्यात केंद्र सरकारने समलिंगी पुरुषांची संख्या २५ लाखांच्या घरात असल्याचे सांगितले होते. चारच दिवसांनी, १५ डिसेंबरला, बेंगळुरूसह देशात आणि परदेशांत अनेक शहरांत निदर्शने झाली. संख्येने अत्यल्प ठरवल्या गेलेल्या माणसांनी रस्त्यावर आपली मोजदाद करून देणे, याहून नेमके उत्तर सुचणे कठीण होते.

संसदेने काय केले? १८ डिसेंबर २०१५ च्या शुक्रवारी शशी थरूर यांनी ३७७ मध्ये दुरुस्ती सुचवणारे खासगी विधेयक मांडण्याची परवानगी मागितली. खासगी विधेयकाला मांडण्याच्या पायरीवर सहसा विरोध होत नाही, असा संकेत आहे. येथे मतविभाजन झाले आणि विधेयक २४ विरुद्ध ७१ मतांनी मांडण्यापूर्वीच पडले. मार्च २०१६ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला. यावेळी मते १४ विरुद्ध ५८. ५४५ जणांच्या सभागृहात शंभर सदस्यही मतदानाला नव्हते, ही गोष्ट विरोधाहूनही बोलकी म्हणावी लागेल. याउलट राज्यसभेने २४ एप्रिल २०१५ रोजी तिरुची शिवा यांचे तृतीयपंथीयांच्या हक्कांचे खासगी विधेयक मंजूर केले. त्या सभागृहात खासगी विधेयक मंजूर होण्याची ती ४५ वर्षांतील पहिलीच वेळ. लोकसभेने ते कायद्यापर्यंत जाऊ दिले नाही. सरकारने २०१६ मध्ये आणलेल्या स्वतःच्या विधेयकात तृतीयपंथी व्यक्तीची व्याख्या 'पूर्ण स्त्री नाही, पूर्ण पुरुष नाही' अशा नकारांनी केली होती. ओळखीच्या दाखल्यासाठी तपासणी समिती होती, आणि भीक मागायला लावणे हा गुन्हा ठरवणारे कलम मंगतीवर जगणाऱ्या वस्तीवरच उलटेल अशी धास्ती होती. सामाजिक न्यायविषयक संसदीय स्थायी समितीने जुलै २०१७ मध्ये या मसुद्यावर परखड टीका केली. तिचे अध्यक्ष रमेश बैस होते, जे पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. तरीही डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेने विधेयक २७ सरकारी दुरुस्त्यांसह मंजूर केले, आणि बेंगळुरू, चेन्नई, दिल्लीत तृतीयपंथी पुन्हा रस्त्यावर आले.

सोळाव्या लोकसभेबरोबर ते विधेयक व्यपगत झाले. २०१९ मध्ये नव्याने आले तेव्हा भिकेसंबंधीचे कलम आणि तपासणी समिती त्यातून गेलेली होती. स्थायी समितीच्या अहवालाने जे घडले नाही, ते दोन वर्षांच्या निदर्शनांनी काही अंशी घडले. मात्र लोकसभेने ते मंजूर केले ५ ऑगस्टला, जेव्हा साऱ्या देशाचे डोळे ३७० व्या कलमासाठी राज्यसभेकडे लागले होते. राज्यसभेने मंजूर केले २६ नोव्हेंबरला, संविधानदिनी. पण त्या दिवशी दिल्लीतील मराठी पत्रकारांना मुंबईतील फडणवीस सरकारच्या राजीनाम्यापुढे दुसरे काही सुचत नव्हते. संमत झालेल्या त्या कायद्यात तृतीयपंथी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचाराला कमाल शिक्षा दोन वर्षे ठेवली होती. स्त्रीवरील बलात्काराला तेव्हा किमान शिक्षाच दहा वर्षे होती.

दरम्यान ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांवरील ३७७ ची सावली काढली. त्याला एक वर्ष आधीच्या खासगीपणाच्या निकालाचा आधार होता, आणि त्या प्रकरणातील मुख्य याचिकाकर्ते न्या. के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. या निकालानंतरच्या मोर्चांत गर्दी वाढली, मुखवटे कमी झाले. कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांचे गट आपापल्या नावांचे टी-शर्ट घालून चालू लागले. यात वाईट काही नाही. नोकरी जाण्याच्या भीतीने लपणारा माणूस साहेबासोबत चालू लागला, हा बदल लहान नव्हे. अडचण पुढे येते. ज्याची मुख्य तक्रार ३७७ होती, त्याचे काम बरेचसे झाले होते. ज्याची तक्रार ठाणे, भाड्याचे घर, रेशनकार्ड आणि मंगती ही होती, त्याचे जवळजवळ सगळे बाकी होते. आणि घोषणा कोणत्या द्यायच्या, हे ठरवण्याची ताकद ज्याच्याकडे पैसा आणि इंग्रजी आहे त्याच्याकडे सरकते.

याचे टोक मुंबईत दिसले. १ फेब्रुवारी २०२० च्या मोर्चाला, नागरिकत्व कायद्याविरोधी निदर्शने होतील या धास्तीने, पोलिसांनी परवानगी नाकारली आणि आझाद मैदानावर सभेपुरती मुभा दिली. तेथे काहींनी दिलेल्या घोषणांवरून ५१ जणांवर राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. आयोजकांनी घोषणांशी आपला संबंध नसल्याचे जाहीर केले. आयोजकांची अडचण खोटी नव्हती. पुढच्या वर्षीची परवानगी त्यांनाच मागायची होती. पण नागरिकत्वाच्या कागदपत्रांचा प्रश्न घर सोडताना नाव आणि लिंग दोन्ही मागे टाकून आलेल्या तृतीयपंथीयांइतका कोणालाच जवळचा नव्हता, हेही तितकेच खरे. त्या सभेत 'राजकारण आणू नका' म्हणणाऱ्यांनी ज्याला राजकारण म्हटले, ते अनेकांचे रोजचे जगणे होते.

बेंगळुरूत हा पेच पुढे नियमांच्या भाषेत आला. २०२१ मध्ये शहर पोलिसांनी निदर्शनांसंबंधी आदेश काढून ती फ्रीडम पार्कपुरती मर्यादित केली. वाहतुकीच्या कोंडीने त्रासलेल्या शहरात उच्च न्यायालयानेही त्याच्या काटेकोर पालनाचा आग्रह धरला. प्रशासनाची बाजू समजण्यासारखी आहे, आणि बोट क्लबवरून जंतरमंतरवर हलवलेली आंदोलने पाहिलेल्या दिल्लीकराला ती नवी नाही. पण अर्जावर 'निदर्शन' लिहिले तर चार भिंतींचे उद्यान आणि 'उत्सव' लिहिले तर कदाचित रस्ता, अशी निवड समोर आली की शब्द आपोआप मवाळ होतात. ज्यांचे सारे आंदोलनच दिसण्यासाठी आहे, त्यांना एका जुन्या तुरुंगाच्या आवारात बसून स्वतःलाच घोषणा ऐकवण्यात काय मिळणार? ही चिंता शेतकरी किंवा अंगणवाडी सेविकांना नसते असे नाही, पण त्यांना निदान आपण अस्तित्वात आहोत हे सिद्ध करावे लागत नाही.

ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा प्रश्न पुन्हा संसदेकडे सोपवला. सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्तीसाठी २०२२ मध्ये मांडलेले खासगी विधेयक अशा विधेयकांच्या नेहमीच्या वाटेने गेले. निकालानंतर केंद्राने सचिवांची समिती नेमली. २०२४ मध्ये एकत्र राहणाऱ्या समलिंगी जोडीदारांना रेशनकार्डासाठी एक कुटुंब मानावे आणि संयुक्त बँक खात्याला आडकाठी नसावी, अशी परिपत्रके निघाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतून मात्र ३७७ समूळ गेले. गृहविषयक स्थायी समितीने असंमतीच्या कृत्यांपुरते ते राखावे असे सुचवले असूनही पुरुष किंवा तृतीयपंथी व्यक्तीवरील बलात्काराला लागू पडेल असे कलम त्या जागी ठेवले गेले नाही. ज्या कलमाविरुद्ध दोन दशके मोर्चे निघाले, त्याचा उपयोगी असा एकच तुकडा होता, आणि तोही उरला नाही. बैयप्पनहळ्ळीच्या ठाण्यात २००४ मध्ये गेलेल्या व्यक्तीने आज तक्रार कोणत्या कलमाखाली नोंदवावी, हा प्रश्न विचारणारी घोषणा सणासुदीची वाटणार नाही, हे उघड आहे.

कर्नाटकाने जुलै २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथीयांसाठी सर्व प्रवर्गांत एक टक्का आडवे आरक्षण ठेवले. असे करणारे ते पहिले राज्य ठरले. २०११ च्या जनगणनेत त्या राज्यात 'इतर' या रकान्यात वीस हजारांहून अधिक, तर महाराष्ट्रात सुमारे ४१ हजार माणसे नोंदली गेली होती. हे आरक्षण आले ते 'संगम'च्याच याचिकेतून, आणि याचिका होती पोलीस दलातील भरतीविषयी. जाहिरातीत पुरुष आणि स्त्री असे दोनच रकाने होते. महाराष्ट्रात पोलीस शिपाई भरतीच्या अर्जात तिसरा रकाना यायला डिसेंबर २०२२ उजाडावा लागला, आणि त्यासाठीही मुंबई उच्च न्यायालयाला राज्य सरकारला खडसवावे लागले.